शिंप्याचा जानेवारी

बाहेर उन्हाने अंगण भाजून निघत होतं, आणि शिंप्याच्या कॉम्प्युटरात मात्र जानेवारी होता. तोही गेल्या वर्षीचा.

भरतकामाची नक्षी काढायचा एक प्रोग्रॅम त्याला महिनाभर फुकट वापरायला मिळाला होता. महिना सरत आला की शिंपी कॉम्प्युटरची तारीख गुपचूप मागे न्यायचा. प्रोग्रॅम बिचारा भोळा. त्याला वाटायचं, आपण आत्ताच तर आलो. वेलीवर वेल चढली, कळीमागून कळी उमलली, जानेवारी काही सरेना. बायकोला याचा पत्ता नव्हता. तिच्या लेखी नवरा म्हणजे गिऱ्हाइकाची उरलेली चिंधीही घडी घालून परत देणारा माणूस. तोही तिला तसंच सांगायचा, वरचेवर.

आज दूरदेशी शिकणाऱ्या लेकीला पदवी मिळायची होती. कॉलेज आपल्या वेबसाइटवर समारंभ थेट दाखवणार होतं. दोघांचे फोन बटणांचे, म्हणून सगळी भिस्त कॉम्प्युटरवर. बायको ठेवणीतले कपडे घालून पडद्यासमोर बसली होती, जणू लेकीलाच ती दिसणार होती.

शिंप्याने पत्ता टाइप केला. कॉलेजऐवजी एक लाल खूण आली आणि तिच्याखाली दोन ओळी. त्या वाचताच शिंप्याने पडद्यावरची खिडकी चटकन बंद केली.

"अहो, काय लिहिलं होतं?"

"काही नाही. इंटरनेटवाल्यांची नेहमीची रड. तू जरा पाणी आण बरं."

"आज तहान दाबा. मी इथून हलायची नाही."

मग त्याने तिच्या भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. भाऊ टीव्ही दुरुस्त करायचा, म्हणून जगातल्या सगळ्या काचांवर त्याचा अधिकार.

"दाजी, बंद करून चालू करा."

केलं. लाल खूण.

"साठलेला कचरा साफ करा."

केला. लेकीने पूर्वी उघडलेल्या पानांची यादी तेवढी पुसली गेली. लाल खूण.

"राउटर उंचावर धरा."

बायको राउटर तान्ह्या बाळासारखा छातीशी घेऊन स्टुलावर उभी राहिली. दर वेळी खूण यायची, दर वेळी शिंपी ती मिटवायचा.

"दाजी, मेसेज काय येतोय?"

"मेसेज वगैरे काही नाही रे!"

"आहे!" स्टुलावरून आवाज आला. ती उतरली, राउटर नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, चष्मा चढवला आणि त्याचं मनगट धरलं. "आता उघडा. आपण बघायच्या आत लेकीचं नाव पुकारलं गेलं तर आयुष्यभर बोलणार नाही."

तिने मोठ्याने वाचलं, "तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे."

तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"जानेवारी? का हो?"

शिंप्याने मान खाली घातली. मांडीवरच्या राउटरला सांगावं तसं तो पुटपुटला, "फुकटाची नक्षी आहे. तारीख पुढे गेली की ती बंद पडेल. अर्धी वेल राहिलीय गं."

"आणि मला चिंध्यांच्या गोष्टी सांगता!"

त्याने एकदा त्या अर्ध्या वेलीकडे पाहिलं. मग तारीख आजची केली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा हिवाळा गेला, एका क्लिकमध्ये आजचा उन्हाळा आला. आणि कॉलेज उघडलं.

रांगेत चौथी लेक. काळा झगा, आणि गळ्यापाशी त्यातून डोकावणारी सदऱ्याची कॉलर. कॉलरवर हिरवी वेल, बापाने भरलेली.

"ही वेल कुठल्या महिन्यातली?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"जानेवारीतली."

ती हसली नाही, पण मनगट मात्र सोडलं.

तेवढ्यात लेकीच्या चेहऱ्याच्या बाजूला दुसरी खिडकी उगवली: वापराची मुदत संपली आहे. शिंप्याचा हात सवयीने ती मिटवायला गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "एकदा नीट वाचा."