पाचव्या गिअरातलं ‘चला’

जिनगोंडाअण्णांच्या धाकट्या लेकीला मुलगी झाली, तिचं बारसं झालं, त्या वर्षीचा आश्विन. पंचगंगेचं गढूळ पाणी निवळलं होतं. उसाच्या हिरव्या समुद्रावर हळदओल्या उन्हाची साय धरली होती. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका पत्र्याच्या शेडखाली, एक डाळिंबी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढून उभी होती.

गाडी अमेरिकेची. आठ सिलिंडरांची, रुंद छातीची, मेघगर्जिनी. जिनगोंडाअण्णांनी ती ऐन तिशीत मुंबईच्या एका वकिलातीच्या लिलावातून आणलेली. तिचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे पुढे ट्रक आला की अण्णांना दिसे फक्त ट्रकची पाठ. समोरून काय येतंय ते दिसे उजवीकडे बसणाऱ्या रत्नाक्कांना, त्यांच्या बायकोला. त्या खिडकीतून मान काढून बघत. वाट भरलेली असली की ‘थांबा’ म्हणत, मोकळी असली की ‘चला’ म्हणत. त्या दोन शब्दांवर अण्णांनी डोळे मिटून विश्वास टाकला होता, आणि त्या दोन शब्दांवर दोघांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते.

श्रावणात रत्नाक्कांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गळा वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज. वाळल्या पानावरून मुंगी चालावी एवढी.

भाद्रपदात जयसिंगपूरच्या अलीकडे त्यांनी ‘थांबा’ म्हटलं. चौथ्या गिअरात गाडी गर्जत होती. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. समोरून आलेली एस.टी. वीतभर अंतरावरून सळसळत गेली.

गाडी उभी राहिली. रत्नाक्का उतरल्या, मैलाच्या दगडावर बसल्या, आणि अण्णांना जवळ बोलावून कानात म्हणाल्या, “आता मी नाही बसायची. माझा शब्द तुमच्यापर्यंत पोचत नाही. भाऊबीजेला माहेरी, कुरुंदवाडला, एस.टी.नं जाईन.”

लग्न झाल्यापासून भाऊबीजेला त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या.

म्हणून ही गाडी ठोकळ्यांवर. जुन्या चौथ्या गिअरात चाकांकडे जाणारा शाफ्ट जितका फिरे, तितकंच इंजिन फिरे. वेग वाढला की गर्जना वाढे. आता पाच गिअरांचा गिअरबॉक्स टाकायचा. त्याच्या पाचव्यात शाफ्ट पळणार आणि इंजिन मागून सावकाश चालणार, जेवून शतपावलीला निघालेल्या माणसासारखं.

“दुसरी गाडी घे की म्हाताऱ्या,” लेथवाला दिलावर मिस्त्री म्हणाला. पोरवयापासूनचा दोस्त तो. “स्टिअरिंग उजवीकडं, आवाज न्हाई, कटकट न्हाई.”

“मग ती ‘चला’ कशाला म्हणंल?” अण्णा गाडीखालून म्हणाले.

दिलावरनं लेथ चालू केला.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब. म्हणून शाफ्ट आखूड करावा लागला. लेथवरून पोलादाच्या कुरळ्या, निळसर बटा गळत राहिल्या. गाडीच्या पोटाचा पत्रा कापावा लागला, आणि गिअरचा दांडा जुन्या जागेहून मागे, रत्नाक्कांच्या हाताशी आला. खंडेनवमीला पाने-हातोडे पूजेला मांडले, झेंडूच्या फुलांखाली विसावले, त्या दिवशी कुणी त्यांना हात लावला नाही. पुन्हा काम, पुन्हा घाम, पुन्हा तेलकाळे हात. बघता बघता दिवाळी आली.

भाऊबीजेची सकाळ. दवभिजली, केशरकोवळी. रत्नाक्का ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या. पण पिशवीत एस.टी.पुरते सुटे पैसे होते. अण्णांना ते दिसले. त्यांनी किल्ली फिरवली.

पहिला, दुसरा, तिसरा. गर्जना तीच. चौथा. ताटातली निरांजनं थरथरली. मग अण्णांनी दांडा पाचव्यात ढकलला.

आणि मेघ ओसरला. गर्जनेची गुणगुण झाली. उसाची पाती वाऱ्याला काय सांगतात ते ऐकू येऊ लागलं.

अण्णा म्हणजे आयुष्यभर कानानं गाडी चालवलेला माणूस. त्यांना वाटलं, इंजिन बंद पडलं. त्यांनी घाईनं क्लच दाबला, गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. आत पंखा भिरभिरत होता.

रत्नाक्कांनी पदर तोंडाशी धरला होता, खांदे हलत होते. “चालूच आहे की ओ,” त्या म्हणाल्या. कुजबुज होती ती. पण बॉनेटपाशी उभ्या अण्णांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

शिरोळ सुटलं आणि पुढे उसाचा ट्रक आला, हलत्या टेकडीसारखा. पाचव्या गिअरातली गाडी त्याच्या मागे गुणगुणत राहिली. रत्नाक्कांनी मान बाहेर काढली.

“थांबा.”

अण्णा थांबले. एक मोटारसायकल गेली, एक टेम्पो गेला.

“चला.”

अण्णांनी चौथा टाकला. डाळिंबी गाडी डरकाळत ट्रकला वळसा घालून सोनेरी उन्हात आली, आणि पाचव्यात पुन्हा शांत झाली.

“आणि काय ओ,” रत्नाक्का म्हणाल्या, “इतकी वर्षं मी या गाडीत बोलत आले. तुम्ही व्हय व्हय म्हणत आला. काय ऐकलंत?”

“थांबा आणि चला,” अण्णा खरं तेच बोलले. “बाकी काही न्हाई.”

“ठाऊक होतं. म्हणून तर सगळं इथंच बोलायचे. तुमच्या आईबद्दल, तुमच्या घोरण्याबद्दल.” त्यांनी ताट सावरलं. “आता पंचाईत केलीत माझी.”

“आता बोल की. रस्ता लांब हाय.”

कुरुंदवाड येईपर्यंत रत्नाक्का बोलत राहिल्या. अण्णा एकदाही नुसतं व्हय म्हणाले नाहीत. सुटे पैसे पिशवीतच राहिले.

डाळिंबी गाडी त्या वाटेवर अजून दिसते. उजवीकडची जागा रिकामी असते. पुढे उसाचा ट्रक आला की ती त्याच्या मागे गुणगुणत राहते. रस्ता मोकळा असो, मागचे हॉर्न वाजवोत, ती पुढे जात नाही. ट्रक आपल्या वाटेनं वळेपर्यंत अण्णा उजवा कान कलता ठेवून बसलेले असतात.

रत्नाक्का त्या दिवाळीनंतरच्या चैत्रात, वद्य पंचमीला, सकाळी, घरी वारल्या.