खालच्या चार तारा

ऐक, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे. तर मामा खाटेच्या कडेला बसलाय, मांडीवर सुतारकाकांचा बास, ती जाड तारांची खर्जातली गिटार. काका समोर स्टुलावर, डाव्या हाताला हे एवढं थोरलं बँडेज. काका म्हणतात, "वाजव." आणि मामा वाजवतो. काय वाजवलं म्हणून सांगू! सर्रकन वर गेला, सर्रकन खाली आला, मध्येच एक गिरकी, शेवटी एक लांबलचक मींड. मी ड्रमच्या मागे बसले होते, काठ्या खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या.

काकांनी तारांकडे बघितलं. मग म्हणाले, "झालं?"

"झालं."

"छान होतं. आता बास वाजव."

मामाचं तोंड बघायला हवं होतंस तू!

थांब, तुला मामा माहीत नाही ना. माझा सख्खा मामा, पण आमच्याकडे अख्खं गाव त्याला मामाच म्हणतं. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दुकान कसलं, एक खोली. भिंतीला टेकवून मशिनींची मुंडकी ठेवलेली, तेलाचा वास, आणि चुंबकाला चिकटलेल्या सुयांचा हा एवढा गोळा. दिवसभर वाकून मशिनी उघडायच्या आणि रविवारी गिटार. सत्तावीस वर्षं! मामा गिटार, मामी गाणार, सुतारकाका बास. ड्रमवर आधी दुसरे एक जण होते, ते गाव सोडून गेले आणि तिथे मी घुसले. वर्षातून एकदा आमच्या गावच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होतो, त्यात आम्हाला पाऊण तास मिळतो. तिसऱ्या गाण्यात मामाचा एकट्याचा मोठा तुकडा असतो. लोक खरं तर तेवढ्यासाठीच येतात. मामी चिडवते ना, "मी गाते ते ह्यांना दम खायला वेळ मिळावा म्हणून."

तर कार्यक्रमाला सहा आठवडे उरले आणि सुतारकाकांचा हात करवतीच्या मशीनमध्ये गेला. डाव्या हाताची दोन बोटं. गेलीच.

आम्ही दवाखान्यात गेलो तर काका काय म्हणाले असतील? "दुखतंय" नाही, "माझं कसं होणार" नाही. म्हणाले, "माझ्या बोटांपायी बँड मोडला असं व्हायला नको रे." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढा मोठा दांडगा माणूस! मामा म्हणाला, "मोडत नाही. मी वाजवतो तुझा बास."

गिटारवाले शोधायला लागत नाहीत, दगड भिरकावला तर गिटारवाल्याला लागेल. बासवाला मात्र औषधालाही सापडत नाही. आमच्या गल्लीत भूगोलाच्या मॅडम राहतात, त्या अधूनमधून आमच्याबरोबर गिटार वाजवायच्या. त्या बिचाऱ्या म्हणाल्यासुद्धा, "मामा, मी शिकते बास, तुम्ही तुमची जागा सोडू नका." मामा म्हणाला, "मॅडम, सुताराशेजारी मी सत्तावीस वर्षं उभा आहे. मला नाही आलं तर कोणाला येणार? आणि बास म्हणजे काय हो, गिटारच्याच खालच्या चार तारा! दोन तारा कमीच आहेत, उलट सोपं."

सोपं! तिथेच तर फसला ना मामा.

पहिल्या आठवड्यात बोटं फुटली. म्हणजे बघ, डाव्या हाताला त्याचे जुने घट्टे होते, लाकडासारखे. पण उजव्या हातात सत्तावीस वर्षं तार छेडायची ती छोटी पत्ती धरलेली, बोटांची टोकं लोण्यासारखी मऊ. काकांनी पत्ती काढून घेतली आणि खिशातच टाकली. "दोन बोटांनी. आळीपाळीने. चाल." जाड तारा, दोरखंडच. तिसऱ्या दिवशी फोड. मामी जेवताना म्हणते, "पन्नाशीला आलात, आता हाताने जेवता येईना. चमचा देऊ की भरवू?"

पण बोटांचं काही नाही गं, बोटं बरी होतात. खरी पंचाईत वेगळीच होती. मामाला रिकामी जागा बघवतच नाही. गाण्यात कुठे जरा फट दिसली की हा घुसलाच तिथे. गिटारवर ते शोभतं. बासवर तेच केलं की माझे पाय गोंधळायचे, कारण ड्रमवाल्याचा पेडलवरचा पाय आणि बास म्हणजे एकाच बैलगाडीचे दोन बैल. एक उधळला की गाडी खड्ड्यात. मी आपली भाची, लहान, काय बोलणार? पण काका बोलायचे. काका सोडायचेच नाहीत.

"लेका, तू सूर लावतोस, पण बंद कोण करणार? खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतोस ना?"

आतून मामी ओरडली, "घरातले कुठे बंद करतात! मीच फिरते मागनं!"

काका असे हसले की बँडेजचा हात पोटाशी धरून बसले. पण लगेच गंभीर. "सूर कधी सुरू करायचा ते सगळ्यांना कळतं. कधी थांबवायचा ते बासवाल्याला कळावं लागतं. आता एकच सूर. दुसरा वाजवलास तर मी घरी जातो."

एक सूर! दोन आठवडे! ज्या माणसासाठी लोक हॉलमध्ये उभे राहतात तो माणूस रोज दुकान बंद करून यायचा आणि तासभर एकच सूर वाजवायचा. धूम, बंद. धूम, बंद. मला तर रडू यायचं. एकदा मामाने बास खाटेवर ठेवला आणि म्हणाला, "सुतार, मला हे येत नाही. मला सगळं येतं, फक्त हे येत नाही." काका उठले, चपला घातल्या आणि गेले. मी म्हटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला दुकानात गेले. एक बाई मशीन घेऊन आलेल्या, कावलेल्या. "अहो मामा, वरून बघितलं तर शिवण अगदी सुरेख. आणि जरा ओढलं की सगळं उसवतं! मुलीचा फ्रॉक शाळेत फाटला." मामाने चिंधी घेतली, दोन टाके मारले, उलटी केली. वरचा दोरा सरळ, देखणा. खालचा मात्र सैल, बोटाने ओढला तसा हातात येणारा. मामा सहज बोलून गेला, "वरच्याला काही झालेलं नाही बाई. खालचा दोरा ढिला आहे."

आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच बसला. बाई म्हणतायत, "अहो, मग घट्ट करा ना!" हा चिंधीकडेच बघतोय. मग एकदम फोन उचलला. "सुतार? अरे, मी ढिला आहे." पलीकडून काका काहीतरी बोलले असणार, कारण मामा म्हणाला, "नाही रे, प्यायलो नाही! संध्याकाळी ये." त्या बाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. स्क्रू त्याने पिळला मात्र, अगदी पाव फेरा. पाव फेराच, जास्त नाही.

त्या संध्याकाळपासून काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. वाजवायचा तो तेवढेच सूर. पण माझा पाय पडायच्या आत तो तिथे पोचलेला असायचा, म्हणजे अंधारात पायरी चुकतेय असं वाटावं आणि पायाखाली पायरी असावी, तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून मागे बघितलं, काका वाजवतायत की काय म्हणून! काका स्टुलावर डोळे मिटून बसलेले. म्हणाले, "हं." इतक्या वर्षांत काकांनी कोणाला "हं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आता कार्यक्रम. मॅडम पुढे, मामाच्या जागी, गिटार घेऊन. मामा मागे, माझ्या शेजारी, मोठ्या स्पीकरच्या आडोशाला, अर्धा अंधारात. दोन गाणी छान झाली. तिसरं. मामी गातेय, ओळ संपत आली, पुढे तो मोठा तुकडा, आणि टण्ण! मॅडमची बारीक तार तुटली.

मामाची स्वतःची गिटार तिथेच स्टँडवर उभी होती, आयत्या वेळी लागली तर म्हणून आणलेली. मामापासून दोन पावलांवर. पुढच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली, "मामा! मामा!" मी त्याच्याकडे बघितलं. तुला सांगते, मला वाटलं, जाणार. मी असते तर उडीच मारली असती. सहा आठवडे फोड सोसले, सगळा हॉल नाव घेतोय, तुकडा बोटांत पाठ, गिटार समोर!

मामाने मॅडमना हनुवटीने खूण केली. माझी घ्या. मॅडमनी मान हलवली, नाही. त्या गिटारीला कोणी हात लावत नाही, मामी पुसायलासुद्धा नाही. मामाने डोळे वटारले आणि दातांतून म्हणाला, "घ्या हो!"

त्या तिकडे तुटकी उतरवतायत, पट्टा गळ्यात अडकलाय. मामीच्या ओळी संपलेल्या. म्हणजे आता सगळ्या हॉलमध्ये फक्त मी आणि मामा. एवढी मोठी रिकामी जागा! भरून टाकायला मोकळं रान! आणि मामा काय वाजवतो? चार सूर. धूम, बंद. परत तेच चार. परत तेच. एक सूर जास्त नाही. मी घामाघूम, वाटत होतं काहीतरी कर ना रे! तो नुसता माझ्या पायाकडे बघून हळूच हसला, म्हणजे घाई नको. आणि बघ, तिसऱ्या-चौथ्या वेळेला हॉलमधली माणसं मान डोलवायला लागली, पाय आपटायला लागली. लोकांना वाटलं, गाणंच असं आहे! कडेला बसलेल्या काकांकडे माझी नजर गेली. त्यांचा डावा हात मांडीवर होता, आणि उरलेली बोटं मामाबरोबर चालली होती.

मग मॅडम आल्या. काय वाजवलंय बाईंनी! मामासारखं नाही, त्यांचं त्यांचं. हॉल उभा राहिला. मॅडमना तीनदा वाकून नमस्कार करावा लागला. मामा तोवर खाली वाकून वायर काढत होता.

आणि आता हे ऐक, हे सांगायलाच तर मी आले. बाहेर पायऱ्यांवर आम्ही सामान लावतोय, तर एक काठीवाले आजोबा आले. दरवर्षी येतात, दरवर्षी मामाचा हात हातात घेऊन जातात. म्हणाले, "काय हो मामा, यंदा नव्हतात तुम्ही? मी तुमच्यासाठी येतो आणि तुम्हीच नाही."

मामाने वायरीचा एक वेढा गुंडाळला. मग म्हणाला, "होतो की. मागे होतो."

"अच्छा, मागच्या रांगेत! तिथून ऐकू आलं का नीट?"

"आलं. सगळं ऐकू आलं."

"बाईंनी बरं वाजवलं. तुमची सर नाही, पण बरं."

"माझ्यापेक्षा छान वाजवलं," मामा म्हणाला. "पुढच्या वर्षीही या, आजोबा."

मी तोंड उघडलंच होतं! तर मामाने वायरचं अख्खं भेंडोळं माझ्या हातात कोंबलं. "जा, गाडीत ठेव." आजोबा एकेक पायरी काठी टेकत उतरत होते, सावकाश. मी चार उड्यांत गाठलं असतं त्यांना, आणि एका वाक्यात सांगितलं असतं. मामा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. बासला कापड गुंडाळत होता, मानेपासून खाली, नीट, घाई न करता.

मी वायर घेऊन तिथेच उभी. आजोबा शेवटच्या पायरीवर.

सांग ना, तू काय केलं असतंस?