आभाराच्या ओळीतली दीपमाला

सकाळचे नऊ वाजले होते. मेहरूण वस्तीतल्या घरात मंदाबाईंनी कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा वाटला आणि एक डबा वेगळा भरला, लेकीच्या सरांसाठी. पाच वर्षांपूर्वी डॉ. गिरधर याच चटईवर बसून पोटभर जेवले होते आणि उठताना म्हणाले होते, "मंदाताई, ही माझीच मुलगी समजा." मंदाबाईंनी ते वाक्य दागिन्यासारखं जपलं होतं. आज सरांचा सत्कार होता.

सर मेंदूविज्ञानातले नावाजलेले संशोधक. म्हाताऱ्यांची स्मृती तपासणारी त्यांची अहिराणी चाचणी तीनशेहून अधिक शोधनिबंधांत उद्धृत झाली होती, त्याचाच हा सोहळा. खरं तर ती चाचणी मंदाबाईंच्या लेकीची, दीपमालाची. शहरी चाचणीत विचारायचे, 'आपण कितव्या मजल्यावर आहोत?' भडगावच्या एकखोली घरातल्या म्हाताऱ्यांना मजला कुठून ठाऊक? त्यांचे गुण जायचे आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसायचा. दीपमालाने विचारलं, घरापासून गिरणा नदी कोणत्या बाजूला? आणि शेवटचा प्रश्न तिने ठेवला, मागच्या वेळी हे सगळं कोणी विचारलं होतं? दोन उन्हाळे ती भडगावात, आईच्या माहेरी, घरोघरी हिंडली. निबंध छापून आला तेव्हा लेखक म्हणून सर होते आणि भडगावची वेसही न पाहिलेला त्यांचा पुतण्या भूषण होता. दीपमाला तळाला, आभाराच्या बारीक ओळीत, 'भाषांतरास मदत' एवढ्यापुरती.

"पुढच्या निबंधात पहिलं नाव तुझं," सर म्हणाले. भाबडी पोर. तिने दुसरा निबंधही लिहून दिला. तो काल छापून आला. पहिलं नाव भूषणचं होतं आणि तिचं पुन्हा आभारात.

सभागृहामागच्या खोलीत डबा हातात घेऊनच तिने विचारलं, "सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस." सर शालीची घडी नीट करत होते. "भूषणला नोकरीसाठी निबंध दाखवावेच लागतात. तुझी जागा राखीवच आहे. तुला नाव कशाला हवं?"

समतेवर भाषणं देऊन टाळ्या घेणारा हा माणूस. आवाजही न चढवता बोलला. वाचकहो, वेशीबाहेर ठेवायची रीत गेली असं आपण खुशाल म्हणतो. इथे ती लेखकांच्या यादीत सुखाने नांदत होती, आणि तिच्यावर सह्या शिकल्यासवरल्यांच्या होत्या. दीपमालाला रडू आलं नाही. ज्याला बापाच्या जागी मानलं त्यानेच गळा कापला, एवढं तिला कळलं. तिने डबा पिशवीत परत ठेवला आणि तिसऱ्या रांगेत आईशेजारी जाऊन बसली.

सत्कारानंतर चाचणीचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी आधी चाचणी दिलेल्या निंबा आबांना भडगावहून आणलं होतं. भूषण कागदावरची अहिराणी अडखळत वाचू लागला. आबांना काही उमगेना. शेवटी सर हसून म्हणाले, "दीपमाला, ये बेटा, तूच विचार."

ती जागेवरच उभी राहिली. "नाही, सर. चाचणी ज्यांच्या नावावर आहे, त्यांनीच विचारावी. मी फक्त आभारात आहे."

गडबडलेल्या भूषणने घाईघाईने शेवटचा प्रश्न वाचला, "आबा, मांगे हाई बठ्ठं तुमले कोणी इचारं व्हतं?"

हा मात्र आबांना नीट समजला. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे हात केला. "ती काय उभी शे. मंदाबाईनी पोर, दीपमाला. तू ते आमना गावले कधी उनाच नही, भाऊ."

मंदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "तुनं नाव नही का कागदवर?"

"नही, माय."

मंदाबाई उठल्या. पिशवीतला डबा काढून त्या मंचावर गेल्या, सरांच्या खुर्चीसमोरून पुढे झाल्या आणि डबा निंबा आबांच्या मांडीवर ठेवला.

"दोन्ही नियतकालिकांना मी आजच पत्र लिहिते आहे," दीपमाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आबांचं उत्तरही त्यात लिहीन."

भूषणच्या हातात गुणांचा कागद होता. आबांच्या उत्तरापुढे बरोबर की चूक, अशी खूण करायची होती. सरांकडे पाहत तो तसाच पेन धरून उभा राहिला.