ठिपक्याची चवली

"लोटनदादा, नीट पाही सांग. हाऊ ठिपका खोटना शे का?"

फुलवंताबाईनं गळ्यातली चवल्या-पावल्यांची माळ उतरवली आणि लोटनच्या काळ्या दगडावर ठेवली. नंदुरबारचा मंगळवारचा बाजार ऐन भरात होता. मिरचीच्या ढिगांमुळं जो तो ठसकत होता. लोटननं माळ उचललीच नाही.

लोटन म्हणजे नाण्यांचा पारखी. भाईदास शेठच्या ओट्यावर तीस वर्षं बसलेला. दगडावर नाणं वाजवायचं आणि खरं की खोटं ते सांगायचं, हाच धंदा. सातपुड्यातून उतरणारी माणसं मामलेदारालाही जुमानायची नाहीत, पण लोटनचा शब्द म्हणजे शब्द. दोन आण्यांची ती चवली, चार आण्यांची ती पावली, बिनमुकुटाचा तो बोडका राजा, ही सगळी नावं त्यांना त्यानंच शिकवलेली. आणि अशा माणसानं काय करावं? त्यानं जीभ विकली!

साल त्रेचाळीसचं. लढाईमुळं चांदी कडाडली होती आणि शेठच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तारखेखाली बारीक ठिपका असला की नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, नसला की कलकत्त्याचं. ठिपक्याचा अर्थ तेवढाच, चांदी दोन्हींत सारखी. पण शेठ म्हणाला, "ठिपका म्हनजे खोट, इतलंच सांगानं. नहीतं उठ मन्हा ओटावरथीन." वर ज्वारीचं एक पोतं घरी पाठवलं. धान्याचे हाल होते, घरात खाणारी पाच तोंडं. महिनाभर लोटन ठिपका दिसला की "कथील शे" म्हणत राहिला. बायाबापड्या मान खाली घालून गळ्यातल्या माळा शेराभर मिठावर देऊन जात होत्या. गिऱ्हाईक गेलं की शेठ माळ कनवटीला लावायचा आणि लोटन दुसरीकडे बघायचा.

"सांग ना रे," फुलवंताबाई म्हणाली. "मन्हा भाऊ आमशा मागला महिनामा उना व्हता. भावजाई आजारी व्हती, तिन्ही लगननी माळ इकाले. तूच त्याले सांगं व्हतं, माळ कथीलनी शे. ती मरी गई, दादा. मरताना बोलनी, लगनमा यानी मन्हा गळामा कथील बांधं. आमशाना हातनं पानीबी नही पिनी ती."

ती रागानं बोलत नव्हती, हेच तर वाईट होतं! तिचा अजूनही लोटनवर विश्वास होता. तिच्या मागं आमशा उभा होता. दाढी वाढलेली, खांद्यावर काठी. बायकोला आपण फसवलं या लाजेनं तो वर बघतच नव्हता.

लोटननं माळेतली एक चवली दगडावर आपटली. खणखणीत वाजली. मग तो उभाच राहिला.

"चांदी शे!" तो ओरडला. "आमशा, तुन्ही बी चांदीच व्हती! ठिपका म्हनजे मुंबई, बाकी काहीच नही. मी खोटं बोलनू! समदासले खोटं बोलनू!"

"गप बठ, हरामखोर!" शेठनं आतून येऊन फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. हमालानं कमरेत लाथ घातली, तसा लोटन ओट्यावरून खाली आमशाच्या पायाशी येऊन पडला.

आमशानं खांद्यावरची काठी खाली घेतली. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते रडणं की शिवी, कुणालाच कळलं नाही. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. दोन दात मातीत पडले. तिसरी उजव्या कानावर बसली आणि लोटनला बाजार एकदम लांब गेल्यासारखा वाटला. त्यानं हात आडवासुद्धा धरला नाही. आणि काय म्हणून धरावा?

एव्हाना बातमी बाजारभर झाली होती. माळा गमावलेली माणसं चहूबाजूंनी धावून आली. दगडांनी दुकानाच्या फळ्या फुटल्या. हमालाचं डोकं फुटलं. कुणीतरी तराजू हिसकून शेठच्या पाठीत घातला, मिरचीची पोती फाडली, लाल धुराळ्यात माणसाला माणूस दिसेना. बाया किंचाळत होत्या, शिव्या देत होत्या आणि दगडही मारत होत्या. मग शिट्ट्या झाल्या, पोलीस आले. त्यांनी समोर येईल त्याला झोडपलं. फुलवंताबाईच्या मनगटावर लाठी बसली, पण माळ तिनं मुठीतून सोडली नाही.

सगळं शांत झालं तेव्हा करणसिंग जमादारानं आमशाची मानगूट धरून त्याला लोटनपुढं उभं केलं.

"यानी मारं ना तुले? नाव सांग, तीन वरीस खडी फोडाले धाडतो."

आतून शेठचा चिरका आवाज आला. "सांगी टाक, लोटन! दवाखानाना खर्च मन्हा! उद्यापाईन ओटावर बठ, मांगलं समदं इसरनू मी!"

लोटननं तोंडातलं रक्त थुंकलं. आमशाकडं नीट पाहिलं. आमशाची नजर जमिनीवर होती.

"वळखत नही," लोटन म्हणाला.

"अरे, तीस वरीसनी वळख! पारखी ना तू?"

"नही वळखत, जमादार. कधी दखा नही याले."

जमादारानं एक शिवी हासडून आमशाला ढकलून दिलं. आमशानं काठी उचलली आणि बहिणीला घेऊन तो निघाला. फुलवंताबाईनं चालता चालता माळ परत गळ्यात घातली. दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही, आणि त्यांनी का पाहावं?

लोटननं आपला काळा दगड आणि फाटकं बस्कर ओट्यावरून ओढून खाली घेतलं. रस्त्यापलीकडं जाऊन बस्कर धुळीत अंथरलं, दगड पुढं मांडला आणि एका हातानं कान दाबून बस्करावर बसला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. त्या दिवशी त्याच्याकडं एकही नाणं आलं नाही. पण बाजार उठेपर्यंत तो तिथून हलला नाही.