न सापडलेला दहावा तुकडा

पंधरा दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. वल्हांडणाचा सण उद्यावर आलेला, आणि यहुदी घरात त्या दिवसांत खमिराचा, म्हणजे पावासारख्या आंबवलेल्या पिठाचा, कणसुद्धा राहता कामा नये. गाद्या झटकून झाल्या, फ्रिज हलवून झाला, कोटांचे खिसे उलटे करून झाले. वर उद्या चौदा माणसं जेवायला! त्यात ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स. शस्त्रक्रियेत वापरलेले गॉजचे तुकडे मोजायचे, आणि मोजदाद जुळल्याशिवाय सर्जनला टाके घालू द्यायचे नाहीत, हे तिचं वीस वर्षांचं काम.

"आता आमची पोटं उघडून बघायची तेवढी राहिली," नवरा म्हणाला.

"उघडीन. आधी शिडी धर."

अंधार पडला तसे दिवे मालवले, मेणबत्ती लावली, शेवटचा शोध सुरू झाला. शोध रिकामा जाऊ नये म्हणून पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून आधीच घरात लपवून ठेवायचे, अशी रीत. लपवायचा मान पन्नास वर्षं सासऱ्यांचा. हल्ली त्यांना नातवंडांची नावं आठवत नसत. 'यंदा मी लपवते' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचा उत्साह पाहून तिनं ते गिळलं.

नऊ सापडले. पुस्तकांमागे, चपलांच्या कपाटात, उशीखाली. दहावा काही सापडेना.

"बाबा, दहावा कुठं ठेवलात?"

"ठेवला गं. या हातानंच ठेवला."

"अहो, मग आठवा ना!" आवाज चढलाच.

म्हातारा खुर्चीत टेकला. "पुढच्या वर्षीपासून तूच लपव, पोरी. माझ्याच्यानं नाही होत आता."

"उंदरानं नेला असेल," नवऱ्यानं सावरून घेतलं. "त्याच्याकडेही पाहुणे असतील."

"उंदीर? माझ्या घरात?" म्हणत ती तरातरा शिडीवर चढली. माळा पुन्हा उपसायचा, रात्र गेली तरी बेहत्तर.

"थांब, सूनबाई. शोध संपला की म्हणायचं असतं, ते राहिलंय."

टेबलाचा आधार घेत सासरे उभे राहिले आणि गाऊ लागले. सकाळी नातवाचं नाव चाचपडणारा तो माणूस. पण ते प्राचीन शब्द, पणजोबांच्या चालीत, एकही न अडखळता धारेसारखे आले. मग त्यांनी तेच मराठीत गायलं: "जे खमीर माझ्या नजरेतून सुटलं, जे मी काढलं नाही, ते माझं नव्हे. ते धरतीच्या धुळीसारखं होवो."

वीस वर्षं तिनं हे कानांनी ऐकलं होतं. मन मात्र दरवेळी उद्याच्या पातेल्यांत. आज शिडीवर उभ्या उभ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्यानं कणभराचीही मनाई केली, त्यानंच माणसाची नजर थिटी पडणार हे जाणून त्या थिटेपणाला आपल्या नियमात जागा करून ठेवली होती! मोजदाद नऊवर अडली होती आणि साक्षात देव म्हणत होता, घाल टाके.

ती खाली उतरली. सासऱ्यांचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"पुढच्या वर्षी तुम्हीच लपवायचं, बाबा."

"आणि पुन्हा विसरलो तर?"

"विसरा की!"

"दहाही विसरले तर?" नवऱ्यानं तोंड घातलं.

"तू गप रे," ती म्हणाली, आणि डोक्यावर पदर ओढून सासऱ्यांपुढं जमिनीवर बसली. "बाबा, पुन्हा एकदा म्हणा. सावकाश म्हणा."