दोन खुर्च्यांमधला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. चित्रपटगृहात दोन खुर्च्यांच्या मध्ये असतो ना, तोच. डावीकडची खुर्ची म्हणते हा माझा, उजवीकडची म्हणते हा माझा, आणि मी आपला दोघींचं ऐकून गप्प बसतो. माणसं माझ्यावर कोपर टेकवतात आणि मला विसरून जातात. इतकी वर्षं अंधारात काढल्यामुळे मला अर्धवट झोपेत राहायची सवय लागली आहे. तेव्हा सांगता सांगता मध्येच तंद्री लागली, तर सांभाळून घ्या.

मला एका सुताराने घडवलं. त्याने मला रंधा मारला, पॉलिशपेपरने घासलं, आणि मग हातातलं काम ठेवून स्वतःचं कोपर माझ्यावर टेकवलं. डोळे मिटून तो बराच वेळ तसाच बसला. “जमलं,” एवढंच म्हणाला. ती माझी पहिली आणि जवळजवळ शेवटची स्तुती. पुढे माझ्यावर लाल रेक्झिन चढलं आणि मी या सभागृहात मागच्या बाजूच्या एका रांगेत येऊन राहिलो.

मला पडदा नीट दिसत नाही. चित्रपट कळतो तो लोकांच्या हातांवरून. भीतीचा प्रसंग आला की बोटं माझ्यात रुततात. विनोद झाला की थाप बसते. रडायचा प्रसंग असेल तर हात हळूच उठतो, आणि परत येतो तेव्हा जरासा ओला असतो. माझ्यावरून कोपरांची भांडणं तर किती झाली म्हणून सांगू. दोन सभ्य गृहस्थ एकमेकांकडे ढुंकूनही न पाहता तसूतसूने सरकत राहतात, आणि बाहेर पडताना एकमेकांना दार उघडून धरतात. मला मोठी गंमत वाटते.

मग शहरात नवी, थंडगार चित्रपटगृहं झाली आणि आमच्याकडची गर्दी ओसरली. माझं रेक्झिन फाटलं, आतला स्पंज बाहेर डोकावू लागला. कुणीतरी खालून च्युइंगम चिकटवलं, ते अजून तसंच आहे. सफाईच्या मावशी तेवढ्या ओल्या फडक्याने मला पुसतात आणि “टिकून आहेस रे बाबा,” म्हणतात. कुणी विचारपूस केली की बरं वाटतं.

अशातच तो माहितीपट आला. बंदरातल्या जुन्या संपावरचा. आमचे मालकसुद्धा त्याला बिचकत होते. कितीतरी दिवस बाहेर घोषणा चालल्या होत्या. यात देशाची बदनामी आहे म्हणणारे एका फुटपाथवर, आणि हा दाखवलाच पाहिजे म्हणणारे समोरच्या. शेवटी दुपारचा एकच खेळ लावायचं ठरलं. दारात पोलीस उभे राहिले, पिशव्या तपासल्या गेल्या, आणि कधी नव्हे त्या सगळ्या खुर्च्या भरून गेल्या.

माझ्या एका बाजूला एक आई बसली, दुसऱ्या बाजूला तिचा मोठा मुलगा, आणि आईच्या पलीकडे धाकटी मुलगी. दिवे जाण्यापूर्वीच बहीण-भावाची दबक्या आवाजात जुंपली, म्हणून मला सगळं समजलं. तिकिटं आईने काढली होती. मुलगा बंदराच्या कचेरीत नोकरीला होता आणि संपाचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याचे बाबा त्या संपात होते. संप मोडला तसे ते घर टाकून दुसऱ्या बंदरात गेले आणि तिकडेच तापाने वारले, असं आईने मुलांना सांगितलेलं. जाताना निरोपसुद्धा घेतला नाही, हा राग त्याने लहानपणापासून जपून ठेवला होता.

“मी अर्ध्यातून उठलो तर काही म्हणू नकोस,” तो आईला म्हणाला.

“नाही म्हणणार. मध्यंतरापर्यंत तरी बस.”

तिचा हात माझ्यावर होता. गार पडलेला. फाटक्या रेक्झिनची कड तिची बोटं उगाच कुरतडत होती.

अंधार झाला. समोरून बोटींचे भोंगे ऐकू आले, मग पाण्याचा आवाज. तो खुर्च्यांखालून वाहत मागच्या भिंतीपर्यंत गेला. मला वाटलं, कुणीतरी आमचा दोर सोडला आहे आणि सगळं सभागृह माणसांसकट किनाऱ्यापासून हळूहळू लांब चाललं आहे. माझा डोळा लागला.

जाग आली ती एका बाईच्या आवाजाने. हाच आवाज मघाशी मुलाला ‘बस’ म्हणाला होता. आता तो समोरून येत होता. आई पडद्यावर बोलत होती, आणि आई माझ्या शेजारी श्वास रोखून बसली होती. मी स्वप्नातच आहे असं क्षणभर मला वाटलं.

“पोलिसांनी भरल्या ताटावरून उठवलं त्यांना,” पडद्यावरची आई सांगत होती. “हात धुऊ द्या म्हणाले, तेवढंही ऐकलं नाही. नेलं ते नेलंच. मुलं शाळेतून आल्यावर काय सांगू? कामाला गेलेत म्हटलं. नंतर तापाने गेले म्हटलं. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू नये, पुढे नोकऱ्या लागाव्यात, म्हणून. मुलगा बापावर रागावूनच मोठा झाला आणि मी बघत राहिले. अजूनही सांगायला तोंड उघडते, आणि जेवलास का, असं काहीतरी विचारते.”

धाकटीच्या तोंडून “आई” एवढंच निघालं.

माणूस उठणार असला की आधी सगळा भार माझ्यावर टाकतो. ते मला लगेच कळतं. मुलाचा भार माझ्यावर आला. आईने आपला हात काढून घेतला. त्याला अडवायचं नाही, असं तिने ठरवलं असावं. मला फार भीती वाटली. हा आता निघून गेला, तर ही बाई घरी गेल्यावर पुन्हा कधीच बोलणार नाही. तो अर्धवट उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, “बसा हो खाली.”

तो तसाच वाकून थांबला, आणि बसला. मग त्याचा हात चाचपडत माझ्याखाली आला आणि त्याने मला जोराने वर ओढलं. मला बिजागरी आहे हे मी स्वतःच विसरलो होतो. कुरकुरत मी उठलो आणि दोन पाठींच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

“शाळेतून आल्यावर ते ताट मी उचललं होतं, आई,” तो म्हणाला. “अर्धं जेवण तसंच होतं. मी तुला कधी विचारलं नाही.”

पुढचं मला ठाऊक नाही. माझ्या जागी कुणाचा हात आला, कुणाचं डोकं टेकलं, ते मला वरून समजलं नाही. मध्यंतरात दिवे लागले तरी मला कुणी खाली केलं नाही, एवढं खरं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे मला सांगायचं होतंच. रेक्झिन उसवू नका, च्युइंगम चिकटवू नका. पण कधी घरच्यांबरोबर आलात, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं अडलेलं असेल, तर मला वर उचला. मी गंजलो आहे, पहिल्या झटक्यात हलणार नाही. जरा जोर लावा.