एका भात्यात सात लाटा

शंकरने हलकी फुंकर मारली तशी पितळेची बारीक पूड पेटीतल्या सुराच्या पात्यावरून उडाली आणि त्याच्या बोटांवर बसली. त्याने पातं जागेवर ठेवलं, दोन्ही स्क्रू आवळले, पॅडल दाबून भाता भरला आणि खालच्या सप्तकातला सूर आणि हा, असे दोन्ही एकदम धरून ठेवले. दोघांमधली थरथरती लाट गेली होती. दोन सूर असे एकमेकांत मिसळले, की दोन आहेत हे सांगून कोणाला पटलं नसतं. शंकर स्वतःशीच हसला. त्याचे वडील, अण्णा, असते तर चांगलं झालं असं काही म्हणाले नसते, फक्त विडी पेटवली असती. त्यांच्याकडून तेवढं मिळालं की शंकरचं पोट भरायचं.

वाळवंटातल्या अल खर्जच्या त्या डेअरीच्या सुतारखान्यात एरवी वासरांच्या खोपट्यांची दारं आणि मोडलेले पॅलेट यायचे. संगमेश्वरजवळच्या गावातून येऊन शंकरला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत त्याच्या हाताला एवढं नाजूक काम पहिल्यांदाच लागलं होतं. घडी घालून पेटीसारखी उचलून नेता येईल अशी ही छोटी पायपेटी एलेरी मॅडमची होती. हजारो गाईंनी कधी काय खायचं ते या बाई ठरवत. आता त्या निवृत्त होऊन वेल्सला, आपल्या गावी, परत निघाल्या होत्या. पायपेटी तिथल्या संग्रहालयाला द्यायची होती, आणि ती बंद करून न्यायचं खोकं शंकरनेच बांधलं होतं. पण इथल्या कोरड्या हवेने भात्याचं चामडं फाटलं होतं आणि सुरांच्या फळीला उभी फट गेली होती.

मॅडम म्हणत होत्या की तिकडे गेल्यावर बघू. हुसेनमियाँ मध्ये पडले. ते सुतारखान्याचे फोरमन, म्हसळ्याचे, बावीस वर्षं इथे काढलेले. आपल्या माणसाचं कौतुक करायची संधी त्यांनी आजवर सोडलेली नव्हती. याचा बाप भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा, असं त्यांनी मॅडमना सांगितलं, वर याच्या हाताला मी जामीन, असंही सांगून मोकळे झाले. मॅडमनी भाता आणि फट, एवढंच काम दिलं.

फट बुजवायला फळी बाहेर काढावी लागली. फळी काढली तेव्हा एका सुराच्या शेजारी, लाकडावर, शिसपेन्सिलीच्या सात बारीक रेघा दिसल्या.

त्या रेघा बघून शंकरला एकदम घरच्यासारखं वाटलं. गणपतीच्या आधी अण्णांच्या पडवीत पेट्यांची रांग लागायची. अण्णा एकेक सूर खालच्या सुराबरोबर धरून ऐकायचे. बेसूर असला की दोघांच्या मध्ये लाट उठते, आवाज हेलकावे खातो. भात्याच्या एका भरण्यात असे किती हेलकावे येतात ते मोजून अण्णा पात्याच्या शेजारी तेवढ्या रेघा मारायचे आणि पेटी शंकरपुढे सरकवायचे. रेघ म्हणजे दुखणं. जिथे रेघा, तिथे शंकरने कानस लावायची. विचारायचं काही नाही. म्हणून नवं चामडं चढवल्यावर त्याने तो सूर धरून बघितला. एका भात्यात बरोबर सात लाटा आल्या. कोणीतरी जुन्या कारागिराने दुखणं ओळखून लिहून ठेवलंय आणि पुढे औषध द्यायला त्याला सवड झाली नाही, याबद्दल शंकरच्या मनात तिळभर शंका उरली नाही. त्याने पात्याचं टोक घासून सूर चढवला. कोणा अनोळखी माणसाचं अर्धं राहिलेलं काम आपण पुरं केलं, याचा त्याला आनंदच झाला होता.

दीड वाजता मॅडम आल्या. मागून हुसेनमियाँ, हातात चहाचे कागदी पेले. मॅडमनी नव्या चामड्यावरून हात फिरवला, फळीवरची बुजलेली फट शोधली, ती सापडेना तेव्हा खुशीने मान हलवली. मग स्टुलावर बसल्या आणि वाजवायच्या आधी, ही कोणाची वस्तू आहे ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणाल्या. त्या सावकाश इंग्रजीत बोलत होत्या. शंकर अडला की हुसेनमियाँ मराठीत सांगत.

पायपेटी त्यांच्या आजीच्या थोरल्या बहिणीची, ओल्वेनची. छपरांच्या पाट्यांचा दगड जिथे खणून काढतात अशा डोंगरातलं त्यांचं गाव. बाप प्रार्थनाघरात गाणाऱ्यांचा पुढारी. ओल्वेन या पेटीवर शिकली, शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेली, चोविसाव्या वर्षी तिची गाणी मोठ्या सभागृहांत गायली जात होती, आणि सत्ताविसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने ती गेली. सगळी मिळून एकतीस गाणी. त्यातलं शेवटचं पानभराचं, बिनशब्दांचं.

धाकटा भाऊ खाणीत पडून मेला तेव्हा ओल्वेन गावी आली होती. सगळं गाव मातीला जमलं आणि गाऊ लागलं. आईही गात होती. पण एका सुराशी आईचा गळा पोचेना. सगळे वरच्या सुरावर, आणि ती एकटी केसभर खाली, थरथरत. ओल्वेन घरी आली, तिने पेटी उघडली आणि आईचा सूर जुळेपर्यंत ते एक पातं स्वतःच्या हाताने घासलं.

"किती थरथरायचं ते तिने मोजून आत लिहून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "सात रेघा आहेत. त्या शेवटच्या गाण्याच्या कागदावरही त्या सुराच्या डोक्यावर सात रेघाच काढल्या होत्या. छापणाऱ्यांना वाटलं नक्षी आहे. शंभर वर्षं सगळे ते चुकीचं वाजवतायत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा लोक ते या पेटीवर ऐकतील."

शंकरने हातातला पेला खाली ठेवला. आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात मॅडमच्या पायाखाली पॅडल गेलं.

गाणं साधं होतं. चालत चालत वर जाणारं आणि त्या एका सुरापाशी येऊन थांबणारं. पहिल्यांदा ते तिथे पोचलं. सूर खालच्या सुराच्या जोडीने स्वच्छ वाजला. धुतल्या काचेसारखा, कुठेही लाट नाही. मॅडमची बोटं तिथे जराशी रेंगाळली आणि पुढे गेली. दुसऱ्यांदा तो सूर आला, तसाच स्वच्छ. गाणं संपलं तेव्हा मॅडमचे डोळे भरून आले होते. त्यांनी झाकण हळूच लावलं, शंकरकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फार सुंदर काम केलंत. थँक यू."

मग त्या कामाच्या टेबलापाशी उभ्या राहून काही वेळ कागदावर लिहीत राहिल्या. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि खोक्याच्या आतल्या बाजूला संग्रहालयाच्या कागदपत्रांत खोचलं. चार वाजता ट्रक येईल, त्याआधी मी येते, म्हणून गेल्या.

"तुझी तारीफ लिहिली असेल बघ," हुसेनमियाँ म्हणाले.

शंकरने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तशी त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट उतरत गेली. पण बावीस वर्षं माणसं आणि मालक दोन्ही सांभाळलेला माणूस तो. सावरायला त्यांना वेळ लागला नाही. बाईंनी वाजवलं, बाईंनी ऐकलं, बाई रडल्या. त्यांना फरक कळला नाही, तर तिकडे काचेच्या कपाटाबाहेर उभं राहणाऱ्याला कुठून कळणार? पुन्हा हात लावता येतो का, ते त्यांनी विचारलं. येतो, शंकर म्हणाला. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण पातं शंभर वर्षांचं, मुळाशी आधीच झिजलेलं. एक हात जास्त पडला तर तुटून हातात येईल.

"मग तू त्याला हात लावायचा नाहीस," हुसेनमियाँ म्हणाले. "मी जबान दिल्येय, शंकर. मोडलं तर तुझ्याबरोबर माझीही नोकरी जाईल. झालं ते झालं. खलास."

तीन वाजून गेल्यावर असरच्या नमाजाची बांग झाली. हुसेनमियाँनी बाह्या वर सरकवल्या, दारापर्यंत गेले, वळून एकदा शंकरकडे बघितलं आणि हातपाय धुऊन वजू करायला निघून गेले. सुतारखान्यात शंकर आणि पायपेटी दोघंच राहिली.

हुसेनमियाँचं काही चूक नव्हतं. कोणाला कळणार नव्हतं. मॅडमना, ज्यांच्या घरात ते गाणं तीन पिढ्या वाजलं, त्यांनाही कळलं नव्हतं; मग शंकरने आपला जीव का जाळायचा? त्याने खोक्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. अण्णा गेले तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बहिणीने, स्वप्नाने, फोन आईच्या तोंडाशी धरला होता आणि ती त्याचं नाव घेऊन काहीतरी म्हणाली होती. शब्द कळले नव्हते. आवाज नेहमीच्या जागेवरून घसरलेला, थरथरणारा. तो आवाज चार वर्षं त्याच्या कानात तसाच होता. तो कोणी नीट करून दिला असता तर शंकरने त्याचा गळा धरला असता. आणि त्याने आज नेमकं तेच करून ठेवलं होतं, वर हसलाही होता.

त्याने स्क्रू काढले. पात्याखाली पातळ पत्रा सरकवला, सगळ्यात बारीक कानस घेतली आणि मुळाशी एकच हात फिरवला. पातं बसवलं, भाता भरला, दोन्ही सूर धरले. एक लाट, अर्धवट. पुन्हा काढलं. पुन्हा एक हात. दोन लाटा. हाताला घाम सुटला तो त्याने पँटला पुसला. तीन झाल्या, चार झाल्या. पाचव्या वेळी कानस जराशी अडखळली, पात्याने बारीक आवाज केला. उजेडात धरून बघितलं, तडा दिसत नव्हता. पाच. नमाज संपून बाहेर चपलांचे आवाज सुरू झाले. सहा लाटांवर क्षणभर त्याला वाटलं, पुरे, सहा आणि सातमध्ये काय मोठं अंतर असतं? मग त्याला लाकडावरच्या रेघा दिसल्या. कापऱ्या हाताच्या नव्हत्या त्या. सारख्या लांबीच्या, सारख्या अंतरावर, मन लावून काढलेल्या.

शेवटचा हात त्याने कानसीने फिरवलाच नाही, नुसती टेकवून ओढली.

हुसेनमियाँ आत आले तेव्हा भाता सुटत होता आणि सुतारखान्यात तो आवाज हेलकावत होता. पेटीतलं त्यांना काही कळत नसे, पण शंकरचं तोंड त्यांना वाचता येत असे. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. बाहेर ट्रक मागे घेत असल्याची पीं पीं ऐकू यायला लागली.

मॅडम ट्रकच्या पाठोपाठच आल्या. खोकं अजून उघडं बघून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मॅडम, एकदा वाजवा," शंकर इंग्रजीत म्हणाला.

मघाशी वाजवलं की, असं काहीसं त्या पुटपुटल्या. त्यांना नको होतं, हे दिसत होतं. हुसेनमियाँनीही, उशीर होतोय, ड्रायव्हर ओरडेल, असं सुचवून पाहिलं. शंकर जागचा हलला नाही. शेवटी मॅडम बसल्या, कंटाळलेल्या माणसासारखं पॅडल दाबलं, आणि गाणं चालत चालत वर निघालं.

त्या सुरापाशी ते पोचलं आणि पुढे गेलंच नाही. मॅडमनी खालच्या सप्तकातला सूर दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि पॅडलवरचा पाय थांबवला. भाता आपोआप रिकामा होत गेला. त्यांचे ओठ हलत होते. शंकरही मोजत होता. आवाज विझला तेव्हा दोघंही एकाच आकड्यावर थांबले होते.

त्या उठल्या. शंकरकडे न बघता खोक्यापाशी गेल्या, कागदपत्रांतून ते पाकीट काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि भुशाच्या डब्यात टाकले.

"मॅडम, तो कागद?" हुसेनमियाँ गडबडून म्हणाले.

"त्यात मी लिहिलं होतं, की वाळवंटातल्या हवेने एक सूर कायमचा गेला. त्यात कोणाचा दोष नाही." त्यांनी हात झटकले. "आता ते पाठवायची गरज नाही."

हुसेनमियाँनी हे मराठीत सांगायला सुरुवात केली, पण शंकरला कळलं होतं.

"हवेने नव्हता गेला," तो म्हणाला. "मी घासला होता."

"माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "पितळेची पूड तुमच्या नखांत होती."

शंकरने हात बघितले. पूड होती, मघापेक्षा जास्त. बाहेरून ड्रायव्हरने यल्ला, चला लवकर, म्हणून हाक दिली. हुसेनमियाँ पुढे झाले, त्यांनी पायपेटीची एक बाजू धरली आणि दुसरी शंकरने उचलायची वाट बघत उभे राहिले.